मोजणीतून वगळलेला ओढा

मी साकीनाक्याचा ओढा बोलतोय. तुम्ही मला नाला म्हणता, नाक दाबून पुढे जाता. ते मी सोसलं. पुढचं नाही सोसवत.

मी टेकडीवरून उतरायचो तेव्हा काठाला भातशेती होती. मग कारखाने आले, त्यांचं रंगीत पाणी माझ्यात आलं. संपात गिरणीतली नोकरी गेली तसा दशरथ बायकोला, जानकीला, घेऊन माझ्या काठच्या वस्तीत राहायला आला.

सत्त्याऐंशी साली एका कचेरीत शुभा नावाच्या इंजिनीअर मुलीने हा सगळा भाग कॉम्प्युटरवर चढवला. जमिनीचे चौकोन पाडले, प्रत्येक चौकोनाची उंची भरली. कुठलं पाणी उतरत उतरत कुठल्या ओढ्याला मिळतं आणि त्या ओढ्याहून ती जागा किती उंच, हे कॉम्प्युटर सांगायचा. उंची कमी, तिथे पुराचा धोका. दशरथची वस्ती माझ्याहून जेमतेम कमरेएवढी उंच निघाली.

तिचे साहेब मधुकरराव म्हणाले, "हा ओढा मोजणीतून काढून टाका. उन्हाळ्यात कोरडाच असतो. गटार आहे ते."

"सर, मग ही घरं पार खालच्या नदीपासून मोजली जातील. उंच दिसतील. पाणी मात्र इथेच चढणार."

"दिसू देत ना. तिथे गाळे बांधायचेत."

ओढा वगळलेल्या नकाशावर शुभाने सही केली नाही. दुसऱ्याने केली. कागदावर घरं पाण्यापासून दोन मजले उंच झाली, जानकीचा उंबरा होता तिथेच राहिला. माझ्या अर्ध्या पात्रात डबर ओतलं.

पुढच्या श्रावणात मी फुगलो. मला जायला वाट ठेवली होती कुठे? वस्तीत शिरलो. दशरथ शेजारच्या म्हातारीला काढायला आत गेला. म्हातारी वाचली. तो नाही.

शुभा भेटायला आली, नकाशातून मला कसं वगळलं ते तिने सांगितलं. जानकी तिला म्हणाली, "तुमच्या नकाशात पाणीच नाय, मगे माझो घोव खंय बुडालो?"

शुभा कचेरीत गेली. मला धरून पुन्हा मोजणी केली, नवा नकाशा मधुकररावांसमोर ठेवला. "काम मंजूर झालंय," एवढंच ते म्हणाले. तिने तोच नकाशा वस्तीत नेऊन घरोघर दाखवला. काही कुटुंबं हलली. शुभाची बदली झाली.

आज माझ्यावर लाद्या आहेत, लाद्यांवर गाळे. खाली अंधारात मी धुमसतोय. सरकारी कागदात मी एकाच ठिकाणी आहे, दशरथच्या मृत्यूच्या कारणात: 'ओढ्याच्या पुरात बुडून.'

बुडवायला मी आहे, तर मोजायलाही धरा.