वाणीस्थानात केतू

मामांनी मोबाइलवरची कुंडली दोन बोटांनी ताणून मोठी केली आणि बहिणीच्या नाकासमोर धरली. "हे बघ. दुसऱ्या घरात केतू. दुसरं घर म्हणजे वाणीचं. आणि बुध आठव्यात, तोही नीचेचा, वर राहू बसलाय त्याच्या उरावर. हा एवढं तरी बोलतो तेच नशीब समज."

बहीण हळहळली. ज्याच्या बुधाबद्दल हे चाललं होतं तो भाचा समोरच बसला होता, चांगला चौतिशीचा घोडा, उजवा हात गळ्यात बांधलेला. पण त्याला काही विचारावं असं दोघांच्याही डोक्यात आलं नाही. येणार कसं? त्याला विचारलं की उत्तराची वाट बघावी लागते, आणि त्या घरात वाट बघायची पद्धतच नव्हती. तो पहिलं अक्षर घोळवायला लागला की आई वाक्य पुरं करून मोकळी. लहानपणापासून असंच. तोंड त्याचं, बोलणं तिचं.

कंपनीत त्याला सगळे मौनी म्हणत. तिथे तो लिफ्टचा मेकॅनिक होता. मोटरचा आवाज ऐकून बिघाड कुठे आहे ते सांगायचा, म्हणजे सांगायचा नाही, सरळ जाऊन बोट ठेवायचा. यंत्राशी बोलावं लागत नाही, त्यामुळे त्याचं बरं चाललं होतं. पण लिफ्टच्या बोगद्यात शिडीवरून घसरला, खांदा निखळला, आणि डॉक्टरने यापुढे चढउतार बंद म्हणून सांगितलं. साहेब म्हणाले, "बसून करायचं काम एकच आहे माझ्याकडे. कंट्रोल रूम. लोक लिफ्टमध्ये अडकले की बेल दाबतात, त्यांच्याशी बोलत राहायचं, आपला माणूस पोहोचेपर्यंत. जमलं तर ठीक, नाहीतर मला दुसरा बघावा लागेल." म्हणजे बघा, उभ्या कंपनीत उरलेली एकच खुर्ची, आणि तीही बोलायची. याला म्हणतात आगीतून फुफाट्यात.

साहेबांनी चाचणी ठेवली होती पुढच्या सोमवारी.

मौनीने आपल्या परीने तयारी सुरू केली होती. एका बाईंकडे तो जात होता, वाणीदोषावर उपचार करणाऱ्या. त्या त्याला शब्द बदलू द्यायच्या नाहीत. 'ब' आणि 'ग' त्याला छळायचे, म्हणून आयुष्यभर तो बिस्किट हवं असताना टोस्ट मागत आला होता. बाई म्हणायच्या, "अडखळ, खुशाल अडखळ. पण पळून जाऊ नकोस. ज्याला ऐकायचंय तो थांबेल." गेले काही आठवडे तो त्यांच्यासमोर बसून बिस्किट, बटण, गर्दी, गडबड असे शब्द म्हणत होता, घाम फुटेपर्यंत. बरा झाला नव्हता, पण पळणं कमी झालं होतं.

आता यात मामा आले. विमा कचेरीतून निवृत्त झाल्यावर माणसाने भाजीपाला लावावा, पत्ते खेळावेत. यांनी ज्योतिष धरलं. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. "बुधाचा जप," मामा म्हणाले. "ॐ ब्रां ब्रीं ब्रौं सः बुधाय नमः. रोज सकाळी, मोठ्याने, हातात माळ घेऊन. उच्चार चोख पाहिजे बरं का. चुकला तर ग्रह उलटतो."

ज्याला ब म्हणता येत नाही त्याला हा मंत्र. मौनीला नाही म्हणायचं होतं. पण त्या शब्दावर जीभ टाळ्याला चिकटायची आणि 'हो' मात्र श्वासाबरोबर सुटायचा. या एका कारणाने त्याने आयुष्यात किती गोष्टींना हो म्हटलं होतं ते त्यालाच ठाऊक. "हो," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो खोलीचं दार लावून बसला. पहिला ब येण्याआधीच मान आखडली. आणि मग काय झालं, तर काहीच झालं नाही. ब्रां आलं, ब्रीं आलं, ब्रौं आलं, माळ सरसर सरकायला लागली. एकदाही अडलं नाही. जपाचा एक ताल असतो, त्या तालावर जीभ आपोआप चालत होती.

दार उघडून आई आत आली, हात पिठाचे, डोळे भरलेले. तिने तिथूनच भावाला फोन लावला. "दादा, अरे घडाघडा म्हणतोय. एकदासुद्धा अडला नाही."

"आ-आई," मौनी म्हणाला, "अगं ग-ग-ग..."

"गुण आला, हो ना? मलाही तेच वाटतंय."

त्याला म्हणायचं होतं, गाण्यातही असंच होतं. लहानपणी शाळेत सगळ्यांबरोबर कविता म्हणताना तो कधी अडला नव्हता, एकट्याला उभं केलं की वाचा बसायची. उपचारवाल्या बाईंनी हेही सांगून ठेवलं होतं. तोतऱ्या माणसाला गाताना, सगळ्यांबरोबर म्हणताना, भिंतीशी बोलताना येतं, कारण तिथे कुणी उत्तर मागत नसतं. त्यात आजार बरा झाला असं समजू नकोस. पण एवढं सगळं सांगायला त्याला पाच मिनिटं लागली असती आणि आईने दोन सेकंदांत निकाल लावला होता.

जप करायला त्याची खरं तर हरकत नव्हती. सकाळच्या त्या अर्ध्या तासात त्याला बरं वाटायचं. स्वतःचा आवाज असा सलग ऐकणं त्याला नवीन होतं. वैताग होता तो जपाचा गुण मोजत बसलेल्या दोघांचा. बाहेर येऊन तो चहा मागताना अडखळला की आईचा चेहरा पडायचा, आणि मामा फोनवरून सांगायचे, "श्रद्धा कमी पडतेय. दोन दगडांवर पाय ठेवले की असंच होतं. ती बोलण्याची बाई आधी बंद करा."

आणि आईने बाई बंद केली. त्याला न विचारता. फोन करून सांगितलं, आता गरज नाही, मुलाला गुण आला. हे त्याला कळलं ते ठरलेल्या वेळी बाईंच्या दारात उभा राहिल्यावर. त्याच्या वेळेला त्यांनी दुसरा माणूस घेतला होता. बाईंनाच अवघडल्यासारखं झालं. "पुढच्या महिन्याचं बघू," त्या म्हणाल्या.

एवढ्यावर थांबली असती तर ती आई कसली. मौनी बाईंकडून तसाच कंपनीत गेला, सुट्टीचा कागद द्यायला, तर साहेबांनी जिन्यातच पाठ थोपटली. "अरे वा, ऐकलं मी. पूर्ण बरा झालास म्हणे. आई सांगत होती फोनवर. आणि सोमवार नको बुधवार ठेवा म्हणाली, बुधाचा वार. म्हटलं ठेवू, माझं काय जातंय. बरं झालं बाबा, मी तर तुझं नाव खोडणारच होतो."

साहेब आता बरा झालेला माणूस ऐकायला बसणार होते. आधी निदान त्यांना ठाऊक तरी होतं कोण येणार आहे ते.

घरी येऊन तो आईसमोर उभा राहिला. रागाने कान तापले होते. "तू स-स-साहेबांना का... तू ख-ख..."

"खरं तेच सांगितलं की."

"ख-ख-खोटं..."

"खोटं कसं? रोज सकाळी मी माझ्या कानांनी ऐकते. तू जरा धीर धर राजा, मामा म्हणालाय बुधवारी बघ कसा चमत्कार होतो." आणि ती भाजी निवडायला बसली.

तो बाथरूममध्ये गेला, नळ पूर्ण सोडला आणि आरशाकडे बघून आईला हवं ते बोलला. तुला कुणी सांगितलं होतं फोन करायला, माझी नोकरी आहे ती, माझी बाई होती ती, माझं तोंड आहे हे. एकही शब्द अडला नाही. बाहेर येऊन तो टॉवेलने तोंड पुसत निमूट जेवायला बसला. असला संताप कुठे ठेवायचा असतो हे कुणी त्याला शिकवलं नव्हतं.

बुधवारी दोघं बरोबर आलीच. आई हिरवा सदरा घाल म्हणून मागे लागली होती, कारण हिरवा बुधाचा. मामांनी तर स्वतःच हिरवा घातला होता. "आम्ही बाहेर बाकावर बसतो," आई म्हणाली. "तुला कळणारसुद्धा नाही."

चाचणीची रीत अशी होती. कंपनीच्या मागच्या अंगाला तीन मजली सांगाडा, त्यात सरावाची लिफ्ट. एका कामगाराला आत बसवून ती मधेच थांबवायची, दिवा घालवायचा, आणि आतल्याने बेल दाबली की कंट्रोल रूममधल्या उमेदवाराने त्याच्याशी बोलायचं. पण त्या दिवशी सगळे कामगार बाहेर कामावर गेले होते. साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं आणि त्यांना बाकावरची दोघं दिसली.

"चला," ते म्हणाले, "तुम्हीच बसा आत. यापेक्षा खरे प्रवासी मला कुठे मिळणार?"

मौनी म्हणणार होता, नको. पण पुन्हा तेच अक्षर. तो न पर्यंत पोहोचेतो आई आणि मामा लिफ्टमध्ये शिरलेसुद्धा, मामा तर खुशीत.

कंट्रोल रूम म्हणजे एक टेबल, एक पडदा, एक माइक. मौनीने डाव्या हाताने हेडफोन चढवला. साहेब शेजारी खुर्ची ओढून बसले, त्यांनी स्पीकर लावला. लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे थांबली, दिवा गेला, बेल वाजली.

मौनीने बटण दाबलं. "न-न-न..."

"नमस्कार," स्पीकरमधून आई म्हणाली. "पुढे बोल."

साहेबांनी भुवया वर केल्या. मौनीच्या मानेवर घाम आला. "तु-तुम्ही घ-घ-घ..."

"घाबरू नका, असंच ना? नाही घाबरलो. दादा, तू घाबरलास का? नाही म्हणतोय."

"किती ज-ज..."

"दोघं आहोत. अरे, तुला माहितीये की."

साहेब आता चक्क हसत होते. तेवढ्यात मागून मामांचा आवाज आला. "बाळा, तालात बोल. आधी मंत्र म्हण, मग वाक्य म्हण. ॐ ब्रां ब्रीं..." आणि आईनेही सूर धरला. अंधाऱ्या लिफ्टमधून दोघांचा जप स्पीकरवर यायला लागला, घडाघडा, चोख उच्चारांसकट. मौनी माइकसमोर बसून ऐकत राहिला. पडद्यावर दोन काळ्या आकृत्या होत्या, त्यातली एक दाराची फट शोधत होती. आईला दाराशी खेळ करायची सवय होती, घरातलं कुठलंही दार ती बंद राहू देत नसे.

"द-द-द..." मौनी म्हणाला.

"देवाचं नाव घे, हो, घेतोय," आई म्हणाली आणि तिने फटीत बोटं घातली.

दोन मजल्यांच्या मधे दार उघडलं की समोर भिंत नसते, पोकळी असते. तसल्याच पोकळीत मौनी शिडीवरून घसरला होता, त्याचाच हात गळ्यात होता.

"आई," तो म्हणाला. आणि मग पुढचा शब्द यायला जेवढा वेळ लागला तेवढा त्याने घेतला. "ग-ग-ग-ग-गप्प बस."

जप थांबला.

"तु-तुला म-माहीत नाही मी क-काय बोलणार आहे. तुला क-क-कधीच माहीत नसतं. द-द-दारातून हात काढ. आ-आधी काढ."

आकृतीने हात काढला. मग आई म्हणाली, आणि तिचा आवाज बारीक झाला होता, "मला ते बघवत नाही रे. तुझं तोंड असं वाकडं होतं, लोक बघत राहतात. म्हणून मी बोलून टाकते."

साहेबांचं हसू गेलं होतं. ते टेबलाकडे बघत होते.

"न-नको बघूस," मौनी म्हणाला. "ऐ-ऐक फक्त. म-मागच्या भिंतीला टेकून उभी राहा. म-मामांनाही सांग. ल-लिफ्ट खाली ये-येईल, थोडा ध-ध-ध..."

तो ध वर थांबला. धक्का, म्हणायचं होतं. सगळ्यांना कळलं होतं, साहेबांना, मामांना, नक्कीच आईला. कुणी काही बोललं नाही.

"...ध-धक्का बसेल. दा-दाराला हात लावू नका."

लिफ्ट खाली आली. मामा आधी बाहेर आले, रुमालाने मान पुसत. "बघितलंत ना साहेब? बुधवार आहे शेवटी." साहेबांनी त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. ते मौनीकडे वळले.

"तू बरा झालेला नाहीस."

"न-नाही," मौनी म्हणाला.

"ते फोनवर सांगितलं नसतं तर जास्त बरं झालं असतं." साहेबांनी स्पीकर बंद केला. "पण आत अडकलेला माणूस काही उठून जात नाही. त्याला ऐकायला वेळच वेळ असतो. माझी हरकत नाही. दिवसभर लोक फोनवर ओरडतील, हसतील, मधेच तोडतील. काय हो आई, झेपेल का याला?"

आईने तोंड उघडलं.

मौनीने तिच्याकडे पाहिलं. तिने ओठ मिटले, इतके घट्ट की हनुवटी थरथरायला लागली, आणि नजर खाली जमिनीकडे नेली.

"झ," मौनी म्हणाला. "झ-झ-झ..."

साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं आणि परत त्याच्याकडे पाहिलं. मामा काहीतरी बोलायला पुढे झाले, तर आईने न बघताच त्यांचा हिरवा सदरा मागून धरून ठेवला. दुसऱ्या हाताची मूठ तिने आवळली होती. शब्द तिच्या अगदी तोंडाशी आला होता, दिसतच होतं. पण ती तो बोलली नाही.

"झेपेल," तो म्हणाला.