सतरापैकी किती

चूक माझी होती, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे पुढचं सांगायला धीर येईल.

माझी नात संघप्रिया इथे बहरैनमध्ये अमेरिकन अभ्यासक्रमाच्या शाळेत अकरावीला आहे. मे महिन्यात तिने एपी गव्हर्नमेंट नावाची परीक्षा दिली. शाळेतल्या मुलांनी कॉलेजच्या पातळीचा राज्यशास्त्राचा पेपर द्यायचा आणि गुण म्हणून मिळतो एकच आकडा, एक ते पाच; पाच म्हणजे उत्तम, तीनच्या खाली म्हणजे नापासासारखंच. निम्मी परीक्षा पर्यायी प्रश्नांची, निम्मी चार लेखी उत्तरांची. निकाल जुलैत. पण लेखी प्रश्न दोन-तीन दिवसांत सगळ्यांसाठी खुले होतात. संघप्रियाने आपली उत्तरं आठवून आठवून पुन्हा उतरवून काढली आणि माझ्यासमोर ठेवली.

"आबा, तुम्ही बोर्डाचे पेपर तपासायचात ना? हे चेक करा. स्ट्रिक्टली, हं."

मी मेहकरला एकवीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवलं आणि दर उन्हाळ्यात दहावीचे गठ्ठे तपासले. पण बहरैनला आल्यापासून मला कोणी काही विचारलं नव्हतं. जिदहफ्सच्या फ्लॅटमध्ये मी पुस्तक घेऊन कोपऱ्यात बसतो, पाहुणे आले की आतल्या खोलीत जातो. त्यामुळे ती विचारायला आली तेव्हा मी हुरळलो. तिने सोबत गुण कसे द्यायचे त्याच्या सूचनांची वीस पानंही दिली होती. इंग्रजी जड वाटलं, आणि तसं तिला सांगायची लाज वाटली. कुठला प्रश्न किती गुणांचा, तेवढे आकडे फक्त पाहिले. तीन, चार, चार, सहा. एकूण सतरा.

मग सवयीने तपासत गेलो. प्रस्तावना नाही, एक गुण कमी. कायद्याचं साल चुकलं, एक कमी. शेवटच्या निबंधात तर तिने स्वतःच्या म्हणण्याच्या विरुद्ध बाजूही मांडली होती. "मुद्द्यावर ठाम नाही" असा शेरा मारून तिथे दोन कापले. असं करत करत सतरापैकी सहा उरले.

पर्यायी प्रश्नांत सरावाला किती बरोबर यायचे ते तिला ठाऊक होतं. तिने सगळे आकडे मोबाईलवर, अंदाज सांगणाऱ्या एका पानात भरले. उत्तर आलं, दोन.

तिने मोबाईल पालथा ठेवला. रडली असती तर बरं झालं असतं.

पंधरा जूनपर्यंत सही केलेला फॉर्म फॅक्सने पोचला तर निकाल रद्द करून घेता येतो. रद्द म्हणजे कायमचा. पेपर खरा कसा गेला होता, ते मग तिलाही कधीच कळणार नाही. पुढे तिला कायदा शिकायचाय. आपल्या नावावर दोनचा आकडा नको, असं तिने ठरवलं. चौदा तारखेला सकाळी माझा मुलगा अनिरुद्ध तो फॉर्म घेऊन कंपनीत गेला. फॅक्सचं मशीन आता तिथेच उरलंय. "लंचच्या वेळेला पाठवतो, बारा वाजता," म्हणाला.

तो गेला आणि माझं वाचनात लक्ष लागेना. शेवटी डिक्शनरी घेऊन ती वीस पानं उघडली. चौथ्या पानावर थांबलो. पुन्हा वाचलं. मग बोट ठेवून वाचलं.

बरोबर लिहिलेल्या प्रत्येक मुद्द्याला गुण द्यायचा. बाकी कुठे चुकलं असेल आणि ते मुद्द्याच्या आड येत नसेल, तर कापायचा नाही. प्रस्तावनेचा कुठे उल्लेखच नाही. आणि निबंधात विरुद्ध बाजू मांडून त्या बाजूला उत्तर दिलं, तर त्याचा वेगळा एक गुण! मी जिथे कापले होते, तिथेच!

कानशिलं तापली. पुन्हा मोजलं, तेरा. परत मोजलं, तेरा. तिसऱ्यांदा हात आखडून मोजलं, तरी बारा!

अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती.

"संघू! ऊठ! तेरा आहेत! निदान बारा!"

"आबा, व्हॉट हॅपन्ड?" म्हणत ती उठली, आणि मी पानं दाखवल्यावर तिने मोबाईलमध्ये बारा घातले. चार. तेरा घातले. पुन्हा चार.

"तुम्ही गाइड वाचलंच नव्हतं?"

"नव्हतं."

"आबाऽऽ!"

अनिरुद्धचा फोन लागेना. कामावर मोबाईल लॉकरमध्ये ठेवावा लागतो. ऑफिसचा नंबर सतत एंगेज. आम्ही जिना उतरून खालच्या ओवैसचं दार वाजवलं. तो टॅक्सी चालवतो. माझा चेहरा बघून तो हातातला चहा तसाच सोडून उठला.

"क्या हुआ चाचा? हॉस्पिटल?"

"नहीं, परीक्षा!"

"इस उमर में?" म्हणाला, पण चावी घेतली. "यल्ला, बैठो."

मी उभ्या आयुष्यात कुठल्या ड्रायव्हरला जोरात चालव म्हटलेलं नाही. त्या दिवशी तीनदा म्हटलं. मग अर्ध्या वाटेत शंका आली. आज इंग्रजी समजण्यात चूक झाली असेल तर? मी पुन्हा पानं काढली.

संघप्रियाने ती माझ्या हातातून घेतली. "डोंट यू डेअर, आबा. बारा म्हणजे बारा."

गेटवर पोचलो तेव्हा बाराला आठ मिनिटं होती. सिक्युरिटीने आत फोन केला. अनिरुद्ध हेल्मेटसकट धावत आला.

"जय भीम बाबा, काय झालं? घरी सगळं ठीक?"

"फॉर्म गेला का?"

"मशीनपाशी ठेवलाय. माझ्याआधी दोघं आहेत."

संघप्रियाने घाईघाईने सगळं सांगितलं. त्याचा चेहरा खुलला नाही.

"बाबा, परवा दोन, आज चार. उद्या काय म्हणाल? हिच्या नावावर खरंच दोन लागला तर?"

तो माझ्याकडे बघत होता, ती बघत होती, खिडकीतून ओवैसही बघत होता. एरवी मी "तुम्हीच ठरवा" म्हणून बाजूला झालो असतो.

"उद्याही चारच म्हणेन," मी म्हणालो. "पक्कं कोणीच सांगू शकत नाही, किती गुणांना कुठला आकडा, ती रेषा कुठे ओढतात ते त्यांचं त्यांना ठाऊक. पण परवा मी नुसत्या पोरीच्या चुका शोधल्या. तिने लिहिलंय काय, ते आज वाचलं. चांगलं लिहिलंय रे तिने. तीनच्या खाली येणार नाही. आला तर मला नावं ठेव."

एवढं सलग मी मुलाशी कित्येक वर्षांत बोललो नव्हतो.

"पप्पा, फॉर्म परत आणा," संघप्रिया म्हणाली. "मला बघायचंय किती येतात ते."

अनिरुद्ध पळाला. कागद घेऊन आला तेव्हा धापा टाकत होता. तिने उभा फाडला, मग आडवा.

"खलास?" ओवैसने विचारलं. "अब मेरी चाय?"

जुलैत निकाल लागला तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. अनिरुद्धने सुट्टी घेतली होती, सूनबाई सीमा भिंतीला टेकून उभी होती. संघप्रियाने पान उघडलं आणि किंचाळली. चार!

मी चष्मा लावून पुढे झालो. "कुठल्या प्रश्नाला किती दिलेत?"

"ते सांगत नाहीत, आबा."

"म्हणजे निबंधाला काय मिळालं, ते कळणारच नाही? असं कसं? आपण अर्ज करू. विचारायला काय हरकत आहे?"

"बाबा!" अनिरुद्धने माझे खांदे धरून हलवले. "चार आलेत! चार!"

तेव्हा कुठे ते माझ्या डोक्यात शिरलं. मी हसायला लागलो, आणि सीमाने पाणी आणून हातात दिलं तरी हसतच होतो.