कृष्णाबाईंच्या सोड्यांचं पार्सल

"काकी, ह्या पार्सल माका घेवक येवचा नाय." यतीननं खोकं दोन बोटांनी काउंटरवरून पुढे सरकवलं. "वास बघा काय मारता ता! गाडीत ह्याच्या बाजूक कोणाचे कागद आसतले, कोणाचे कपडे आसतले. उद्या लोक माका मारूक येतले."

मालवणच्या बाजारपेठेतलं ते कुरियरचं ऑफिस म्हणजे एक काउंटर, एक पंखा आणि भिंतीला टेकवलेलं बाकडं. बाकड्यावर कृष्णाबाई गुडघे चोळत बसली होती. तिची सून दिव्या एवढंसं तोंड करून खोक्याकडे बघत होती. खोक्यात सोडे होते, सोलून उन्हात कडकडीत वाळवलेली कोळंबी. त्यांच्या वेबसाईटवर आलेली ही पहिलीच ऑर्डर, पुण्याची.

कृष्णाबाईच्या जिभेवर आलं होतं, सोड्यांना सोड्यांचा वास येणार नाही तर काय अत्तराचा येणार? पण तिनं ते गिळलं. माणूस खोटं बोलत नव्हता. हा वास तिनं जन्मभर अंगावर वागवला होता. दवाखान्याच्या बाकावर ती बसली की शेजारची बाई हळूच सरकून बसायची, आणि कृष्णाबाईला त्याचा कधी राग आला नव्हता.

नवरा तुकाराम गेला तेव्हा त्यांचा मुलगा स्वरूप दुसरीत होता. तेव्हापासून ती कुडाळच्या आठवडा बाजारात सुकी मासळी घेऊन बसत आली. त्यावर घर चाललं, स्वरूप मोठा झाला, गोव्याच्या एका ट्रॉलरवर लागला, त्याचं लग्न झालं. आता गुडघ्यांनी दगा दिला होता. डॉक्टरनं सांगितलं होतं, जमिनीवर बसायचं नाही, ओझं उचलायचं नाही. म्हणजे बाजार आता सोडायचा. उरला होता तो घरी येऊन पडेल भावानं माल उचलणारा व्यापारी.

तेव्हा दिव्या पुढे झाली. ती सकाळी सायबर कॅफेत टायपिंग करायची. तिथल्याच कॉम्प्युटरवर शिकत शिकत तिनं चार पानांची वेबसाईट उभी केली.

"हाताक लागल्याशिवाय, नाकाक लागल्याशिवाय सुकी मासळी कोण घेतला गो?" कृष्णाबाईनं विचारलं होतं.

"म्हणान तर तुमचा नाव घातलंय. लोक तुमका वळाखतत."

फोटो काढायचा म्हणून कृष्णाबाई ठेवणीतलं लुगडं नेसून, अबोलीचा वळेसार माळून अंगणात बसली. दिव्यानं मात्र फोटो काढला तो सोडे निवडणाऱ्या तिच्या हातांचा. "एवढा नटलंय ता फुकट!" म्हणून दोघी हसल्या होत्या.

ते सगळं आता या काउंटरवर अडलं होतं. कृष्णाबाई भिंतीचा आधार घेत उठली.

"झिला, तुझा खरा आसा," ती यतीनला म्हणाली. "पण माका एकदा परत बांधूक दी. बांधून हाडतंय, तुझ्या हपिसातच ठेय. कुडाळचो शेवटचो बाजार करून मी येतंय. तोपर्यंत वास इलो तर नेऊन दर्यात टाक. मी एक शब्द बोलूचंय नाय."

यतीन हसला. कपाटावर ताणून दिलेल्या पिवळ्या मांजरीकडे त्यानं बोट केलं. "माका कळाच्या आधी हिका कळतला. चलात?"

"चलात."

घरी येऊन दिव्यानं त्या पुण्याच्या माणसाला लिहिलं, थोडा उशीर होईल, नको असेल तर तसं कळवा. उत्तर आलं, "वाट बघतो. सोडे मात्र चांगले द्या."

मग बांधाबांध सुरू झाली. कृष्णाबाई मसाल्याच्या पुड्या बांधायची तशी प्लास्टिकच्या पिशवीची कड हॅक्सॉच्या पात्याला लावून मेणबत्तीवर धरायची. दिव्यानं केली ती पहिली पिशवी जळली, दुसरीला भोक पडलं, तिसरी जमली. एका पिशवीत दुसरी, दुसरीत तिसरी, मग पत्र्याचा डबा, डब्याला चिकटपट्टी. दिव्यानं नाक लावून बघितलं. वास येतच होता.

दिव्याची नजर बाजूला पडलेल्या कोऱ्या पुठ्ठ्याच्या खोक्याकडे गेली. त्यात अजून काही भरलं नव्हतं, कृष्णाबाईनं ते नुसतं माळ्यावरून काढून दिलं होतं. दिव्यानं ते हुंगलं आणि हळूच खाली ठेवलं.

"काय झाला गो?"

"काय नाय."

कृष्णाबाईनं खोकं ओढून घेतलं, हुंगलं. मग आपला तळवा नाकाशी नेला.

"सोड्यांचो नाय," ती म्हणाली. "माझ्या हातांचो वास हो."

"आये, मी तसा म्हणूक नाय…"

"खरा ता खराच. तू न्हावन ये. नवीन पिशयो घे, नवो डबो घे. पयली पिशवी तेवडी मी बंद करतंय, मगे हात लावचंय नाय."

दिव्या न्हाऊन, धुतलेले कपडे घालून आली. सोडे भरून पहिली पिशवी कृष्णाबाईनं बंद केली. दिव्यानं हात साबणानं घासले आणि पुढचं सगळं एकटीनं केलं. कृष्णाबाई हात मांडीवर ठेवून लांब बसली आणि तोंडानं सांगत राहिली, कड सरळ धर, घाई करू नको, वारा येतोय, दार लोट. जन्मात पहिल्यांदा तिचा माल दुसरं कुणी बांधत होतं. डबा तयार झाला आणि तिला वाटलं, ही पोर या घरात आली ते आपलं नशीब.

यतीनकडे डबा ठेवून दुसऱ्या दिवशी ती शेवटच्या बाजाराला कुडाळला गेली. दिव्याही सोबत होती. शेजारी बसणाऱ्या यशोदेला तिनं आपली जागा देऊन टाकली होती, त्या दिवशी दोघी मिळून बसल्या. गिऱ्हाईक येईल तसं कृष्णाबाई सांगत होती, "आता मी येवचंय नाय. यशोदेकडे घेत चला. माल बरो आसता तिचो."

नीरजाबाई आल्या. कुडाळच्या शाळेत शिकवायला आल्या तेव्हापासूनच्या त्या गिऱ्हाईक.

"कृष्णाबाई, तुम्ही नसाल तर मी बाजारात येऊन करू काय?" त्या तिथंच उकिडव्या बसल्या. दिव्यानं वेबसाईटचं सांगितलं, तशी त्यांनी पर्समधून पेन काढलं. "माझी शर्मिष्ठा बेंगळुरात आहे. लहानपणी तुम्ही तिच्या मुठीत सुकट द्यायचात, आठवतं? तिचा पत्ता घ्या. मी तिला आजच फोन करते."

मागे उभ्या असलेल्या बाईनं ते ऐकलं. तिचा भाऊ बडोद्याला होता. कुणाची लेक नागपूरला, कुणाचा मुलगा थेट दिल्लीत. औषधाच्या रिकाम्या पाकिटावर, पेपरच्या कडेवर पत्ते लिहून लोक दिव्याच्या हातात देत राहिले. एक म्हातारे गृहस्थ लिहिता लिहिता म्हणाले, "तुमी फसवलास नाय कधी. मगे मशीनवरसून घेतला म्हणान काय झाला?"

कृष्णाबाईचे डोळे भरून आले. आपण मासळी विकली, त्यांनी घेतली, हिशेब तिथंच मिटला, असं तिला इतकी वर्षं वाटत आलं होतं. पदरानं डोळे पुसून तिनं सगळ्यांना हात जोडले.

परत येताना दोघी यतीनकडे गेल्या. डबा कपाटावर होता आणि डब्यावर मांजर अंगाचं वेटोळं करून झोपली होती. कृष्णाबाई दारातच थांबली.

"तिका वास इलो मा?"

"नाय वो काकी. पयल्यांदा माकाय तसाच वाटला. पण हिना एकदाय नख लावूक नाय. पत्र्यार ऊन येता, म्हणान हय निजता." यतीननं मांजर उचलून खाली ठेवली, डबा नाकाशी नेला, पुन्हा नेला आणि पेन काढलं. "काल कोल्हापूरच्या हपिसात फोन करून इचारलंय. डब्यात आसात तर चलता म्हणाले. पत्तो सांगा."

ही चौकशी करायची त्याला काही गरज नव्हती. "देव बरा करो तुझा," एवढंच कृष्णाबाईच्या तोंडून निघालं.

पुण्याहून उत्तर आलं, पोचले, अजून पाठवा. मग बेंगळुराहून, मग बडोद्याहून. पाऊस लागायच्या आत घरातल्या एका कोपऱ्यात डब्यांची रांग लागली. बोटी बंद झाल्यावर स्वरूप घरी आला आणि तोही हात धुऊन बांधायला बसला.

पण त्या सगळ्याच्या आधी, शेवटच्या बाजारानंतरच्या पहिल्याच बाजारादिवशी सकाळी कृष्णाबाई अंगणात खुर्चीवर बसून सोडे निवडत होती. तिची नेहमीची कुडाळची एसटी आली आणि थांबा नसतानाही घरासमोर उभी राहिली. कंडक्टरनं दार उघडलं.

"काकी, चला! उशीर झालो."

ती उठून कुंपणापर्यंत गेली. "नाय रे बाबा. तुमी जावा."

"बरी आसास मा?"

"बरी आसंय."

कंडक्टर क्षणभर घुटमळला. उघड्या दारातून आत तिची टोपली ठेवायची जागा दिसत होती. ती त्यानं रिकामी राखली होती. मग दार लागलं, घंटी वाजली. गाडी वळणाआड जाईपर्यंत कृष्णाबाई कुंपणाला हात धरून उभी राहिली.