जावक क्रमांक सत्तेचाळीस

राग आला की माणसानं पेन हातात घेऊ नये. अन् सरकारी माणसानं तर शिक्काही घेऊ नये. मी दोन्ही घेतले, म्हणून हे सांगून राह्यली.

मी धम्मदीपा तायडे, मालेगाव तालुक्यातल्या एका उपकेंद्राची नर्स. अकरा वर्षं झाले, अन् अकराही वर्षं कराराचेच. करार अकरा महिन्यांचा असते, मंग एक दिवस आमाले कामावरून काढतात अन् दुसऱ्या दिवशी पुन्हा घेतात. त्या एका दिवशीही मी कामावरच राह्यते, कारण बाळंत होणाऱ्या बाईले कराराच्या तारखा पाह्यता येत नाई. नवा करार व्हायचा तर आरोग्य केंद्राच्या डॉक्टरनं मूल्यमापनाच्या कागदावर 'काम समाधानकारक' असं लिहून सही करा लागते. आमचे डॉक्टर म्हणजे गोटे साहेब. माणूस वाईट नाई, पण तोंडाचा भलता कडू. मांगच्या साली बाजूच्या उपकेंद्रातल्या सिस्टरच्या कागदावर सही झाली नाई. ते बिचारी घरी बसली, झालं.

मंगळवारी महिन्याची मीटिंग होती. तिथं रिसोडची एक पोरगी आली, रंजीता राठोड. पीएचडी करून राह्यली म्हणे, अन् विषय काय, तर आरोग्य कर्मचाऱ्यांची संस्थेशी बांधिलकी आणि कामातले समाधान. मी बाजूच्या सिस्टरले हळूच म्हटलं, "बाप्पा, आमच्या समाधानाची कोणाले पडली?" पोरीनं सगळ्यांले चाळीस सवालांचा फॉर्म वाटला. त्याच्यावर ठळक छापलं होतं, 'नाव लिहू नये'. ते म्हणे, "ताई, पाकिटात बंद करून द्या. कोणाचा कोणता हे मलेही समजणार नाई."

ते गेली अन् साहेबांनी मले धरलं. माहा ऑनलाईन रिपोर्ट दोन दिवस उशिरा गेलता. सगळ्यांसमोर म्हणाले, "तायडे सिस्टर, तुम्हाला कामाचं गांभीर्य आहे की नाही?" आता आमच्या गावात रेंज येते ते पाण्याच्या टाकीवर चढल्यावर. तो रिपोर्ट मी टाकीवर चढून, पदर खोचून भरलता. पण भरल्या मीटिंगीत हे कोणाले सांगाव? मी तो सारा राग तसाच घेऊन उपकेंद्रावर आली.

आल्या आल्या फॉर्म काढला. 'वरिष्ठ आपल्या कामाची दखल घेतात का?' कधीच नाही. 'कामाच्या ठिकाणी पुरेशा सोयी आहेत का?' तिथं खूण करून माहं समाधान झालं नाई, तर बाजूले लिहिलं, नळ आहे पाणी नाही, पंखा आहे लाईट नाही. चौतिसावा सवाल होता, 'दुसरीकडे चांगली संधी मिळाल्यास ही नोकरी सोडाल का?' तो मी नंतर पाहू म्हणून सोडला, कारण मले शेवटच्या पानावर जायची घाई होती. तिथं अर्धं पान कोरं होतं, 'आणखी काही सांगायचे असल्यास'. असल्यास काय विचारता? ते अर्धं पान मले पुरलं नाई, तर पान पालटून मांगंही लिहिलं.

मी लिहिलं, साहेब तीन वर्षांत एकदाही उपकेंद्रावर आले नाहीत. लिहिलं की बाळंतपणाच्या टेबलाचा एक पाय मोडला, तिथं विटा लावल्या आहेत, अन् याबद्दल सहा पत्रं दिली. लिहिलं की गेल्या पावसाळ्यात नाल्याले पूर असतानी मी अन् आमची आशा वर्कर भुरीबाई, दोघींनी चार माणसं धरून एका बाईले खाटेवर नाल्यापार नेलं, लेकरू-माय दोन्ही वाचले, तर साहेबांनी दुसऱ्या दिवशी विचारलं की ग्रूपवर फोटो का नाही टाकला. लिहिलं की अकरा वर्षांत 'बरं केलं' एवढे दोन शब्द कोणी म्हटले नाहीत. लिहून झालं अन् पोट साफ झाल्यावानी वाटलं. बुधवारी आरोग्य केंद्राचा शिपाई रामराव औषधं घेऊन आला, त्याच्याच हाती पाकीट देऊन टाकलं.

गुरुवारी लसीकरण होतं. लेकराच्या कार्डावर शिक्का मारून मी सही केली अन् माहा हात तसाच थांबला. भुरीबाई म्हणे, "का झालं वं शिस्टर? चक्कर आली का?"

मी टेबलाच्या खणातून जावक रजिस्टर काढलं, म्हणजे बाहेर जाणाऱ्या प्रत्येक कागदाले नंबर देऊन ज्याच्यात लिहितो ते. माह्याच अक्षरात लिहेल होतं: जावक क्रमांक ४७, समाधान प्रश्नावली, पाने चार. म्हणजे मी त्या फॉर्मवर नंबर टाकला. तारीख टाकली. शेवटच्या पानाखाली मोकळी जागा दिसली तशी सही ठोकली, अन् सहीखाली उपकेंद्राचा गोल शिक्का. अकरा वर्षांत एकही कागद बिनशिक्क्याचा बाहेर जाऊ दिला नाई मी. हाताले सवय, डोकं तर रागातच होतं.

रामरावले फोन लावला. म्हटलं, "भाऊ, ते पाकीट त्या पोरीले देलं ना?"

"पोरीले डायरेक्ट कसं देईन, सिस्टर? साहेबाच्या टेबलावर ठेवलं. सगळं साहेबाच्या थ्रूच जाते ना. साहेबानं सारे पाकिटं फोडले, कोणाचे राह्यले ते मोजाले. आता पत्र लावून रिसोडले पाठवून देले."

"वाचले काय साहेबानं?"

"वाचून राह्यलते काही तरी. चष्मा लावेल होता."

एकतीस तारखेले करार संपत होता, म्हणजे सात दिवस राह्यलते, अन् माहा मूल्यमापनाचा कागद त्याच टेबलावर पडेल होता.

घरी विनोदले सांगतलं. माहा नवरा विनोद मालेगाव ते रिसोड काळीपिवळी जीप चालवते, कशाचं लवकर टेन्शन घेत नाई. जेवता जेवता म्हणे, "जाते तर जाऊ दे. अकोल्याच्या त्या दवाखान्यातून तुले दोनदा फोन आलता. तिथं पंखा पण आहे अन् लाईट पण आहे." मी त्याच्यावर अशी खेकसली की तो ताट घेऊन अंगणात जाऊन बसला. पण सकाळी त्यानंच गाडी काढली अन् मले समोरच्या सीटवर बसवलं. रंजीताले गाठून तो फॉर्म तरी परत घ्याव, निदान कुठं पुरावा राहू नये, एवढंच डोक्यात होतं.

मालेगाव सुटलं अन् मले रडू आलं. मांगं दहा पॅसेंजर, मी पदर तोंडाले लावून रडून राह्यली. मले वाटलं, आपण कायले रडतो? पगार तर अकोल्याले जास्त भेटत होता. मंग एकेक डोळ्यांपुढं आलं. तांड्यावरची ते सात महिन्यांची पोटुशी, जिचं बीपी वाढेल आहे अन् जे गोळ्या फक्त माह्यासमोर खाते. दर सोमवारी काही दुखत नसतानी मले पाह्याले येणारी म्हातारी हिरीबाई. माह्या जागी नवीन कोणी आली तर तिले कोण सांगन की विटेवरचं टेबल डाव्या बाजूनं धराव लागते? ज्या नोकरीले मी चार पानं शिव्या घातल्या, तेच नोकरी जाईन म्हणून मी भर रस्त्यात रडत होती. विनोद समोर पाहून गाडी चालवत राह्यला, पण हॉर्न त्यानं पूर्ण रस्ता वाजवला नाई.

रंजीता रिसोडले बाजाराजवळ तिच्या मामाच्या घरी राह्यते. दार तिनंच उघडलं. मी म्हटलं, "पोरी, माहा एक फॉर्म आहे. तेवढा वापस दे. माह्या हातून चूक झाली."

ते माह्याकडं पाहत राह्यली अन् एकदम हसाले लागली. हसता हसता तिच्या डोळ्याले पाणी आलं. "तुमी पण शिक्का मारला, ताई?"

"पण म्हणजे?"

तिनं खाटेवरचा गठ्ठा दाखवला. एकतीस फॉर्म. मी एकेक पालटत गेली. हरेक फॉर्मवर सही, सहीखाली शिक्का. एकीनं तर 'सत्यप्रत' लिहिलं होतं. फार्मासिस्टनं हुद्दा टाकलता. वर साहेबांचं पत्र, 'सोबत एकतीस प्रश्नावल्या माहितीस्तव सविनय सादर', अन् सर्वात वर साहेबांचा स्वतःचा फॉर्म, त्याच्यावर आरोग्य केंद्राचा लांब शिक्का. रंजीता म्हणे, "आता मी या निनावी फॉर्मांचं काय करू, सांगा. माहे सर मले घरी पाठवतीन."

मले हसू आलं, पण अर्धंच, कारण माहा फॉर्म अजून सापडला नव्हता. तो तळाले होता. मी शेवटचं पान काढलं. माह्या सहीच्या खाली हिरव्या शाईच्या दोन ओळी होत्या. आमच्याकडं हिरवी शाई फक्त साहेब वापरतात. मले वाचाची हिंमत होईना, तर रंजीताले म्हटलं, "तूच वाच."

तिनं वाचलं, "वरील कथन खरे आहे. उपकेंद्रास भेट देणे माझ्याकडून राहून गेले आहे." खाली सही, तारीख अन् शिक्का.

मी तिच्या हातातून कागद घेऊन स्वतः वाचला. दोनदा वाचला. अकरा वर्षांत साहेब लोकांच्या हिरव्या शाईत 'खुलासा सादर करा' सोडून दुसरं काही पाह्यलं नव्हतं मी. मी तिथंच खाटेवर बसली.

मंग साहेबाले मीच फोन लावला. म्हटलं, आता लपून काय फायदा? "साहेब, मी तायडे. तो फॉर्म..."

"सिस्टर, ती पाकिटं मी फोडायला नको होती." साहेबांचा आवाज हळू होता. "नंतर लक्षात आलं, ती बंद ठेवायची होती. तोवर तुमचं वाचून झालं होतं."

"मी रागात लिहिलं, साहेब."

"रागात लिहिलं, पण खोटं काय लिहिलं ते सांगा." मंग साहेबच पुढं म्हणाले, "तुमच्या मूल्यमापनावर मी कालच सही केली. 'समाधानकारक' खोडून 'उत्कृष्ट' लिहिलंय, खोडल्याच्या जागी सही आहे. उद्या येऊन तुमची सही करून जा. आणि तो नाला... त्या दिवशी तुम्ही फार चांगलं काम केलं होतं. मी फोटोचं विचारायला नको होतं."

"हो साहेब," एवढंच निघालं माह्या तोंडून. फोन ठेवला अन् मी मोकळ्या आवाजानं रडली. सुटली एकदाची, असं वाटलं. रंजीतानं पाणी आणून देलं, मंग चहा टाकला. मले आठवते, त्या चहात आलं लय होतं अन् मी दोन कप पेली.

चहा झाल्यावर तिनं पेन उघडलं. "ताई, हे फॉर्म तर बाद झाले. मले सगळ्यांचे नवीन भरून घ्या लागतीन. तुमचा आत्ताच भरू काय? मी विचारते, तुमी फक्त सांगा. तुमी कागदाले हातच लावू नका."

मी म्हटलं, विचार. वरिष्ठांच्या सवालावर मी 'कधीकधी' सांगतलं. सोयींच्या सवालावर काही बदल नाई, नळाले पाणी अजूनही नाई. पगारावर नाराज, सुट्टीवर नाराज, त्या टाकीवर तर भलती नाराज. ते खुणा करत गेली. चौतीसवर आली तशी माह्याकडं पाहून म्हणे, "हा तुमी मांगच्या टाईमले कोरा सोडलता. दुसरीकडं चांगली संधी आली तर ही नोकरी सोडान का?"

"नाई," मी म्हटलं.

तिचं पेन थांबलं. "ताई, तुमी तर जवळजवळ सगळीकडं 'असमाधानी' सांगतलं. मंग इथं 'नाई' कसं? माह्या तक्त्यात हे दोन्ही संगं बसत नाई. तुमाले नेमकं कोणत्या रकान्यात टाकू?"

"असमाधानीच लिव्ह," मी म्हटलं. "अन् जात नाई, तेही लिव्ह. तक्त्यात बसत नसन तर माह्यासाठी एक नवा रकाना पाड. लय बाया निघतीन त्याच्यात."