रोज थोडा थोडा जाळ

मी खापर बोलतोय. हो, तेच खापर, जे तुम्ही स्वतःचं चुकलं की दुसऱ्याच्या डोक्यावर फोडता! माझ्या जातीची एवढी बदनामी का, देव जाणे. खानदेशात या, म्हणजे माझा मान कळेल. इथे मला चुलीवर पालथं घालतात आणि माझ्या तापल्या पाठीवर मांडे भाजतात. मांडा म्हणजे परातीएवढी पुरणपोळी. ती पोळपाटावर मावत नाही, हातांवरच वाढते.

मला घडवलं पारोळ्याच्या चिंधा कुंभाराने. भरबाजारात बोटाने वाजवून पाहिलं ते बेबाबाईने. टणटणीत वाजलो आणि पसंत पडलो. त्याला आता बावीस वर्षं झाली.

काय हात होते तिचे! पुरण भरलेला गोळा थोडा लाटायचा, मग या हातावरून त्या हातावर, पार कोपरापर्यंत झुलवत न्यायचा. बघता बघता पोळी लुगड्यासारखी पातळ होई आणि धप्पकन माझ्या पाठीवर पडे! आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गल्लीतल्या बाया हातातली कामं टाकून बघत उभ्या राहत. बेबाबाई त्या सगळ्यांना तोऱ्यात म्हणे, "देखा, बठ्ठ्या देखा! तिकीट नही लागत."

गेल्या दिवाळीत ती ओल्या फरशीवर घसरली. उजवा खांदा निकामी झाला. धुळ्याला ऑपरेशन झालं, दीड महिना हात झोळीत राहिला. मग तिथल्या सारिकाताईंनी व्यायाम शिकवले. भिंतीवर बोटांनी चढायचं, खुंटीवरून दोरी ओढायची. थोडं थोडं, पण रोज.

पंधरा दिवस तिने केलं. मग एक दिवस चुकला, मग चार चुकले, मग दोरी नुसतीच लटकत राहिली. "हात उचला का जीव जास मना," म्हणून ती बाजेवर बसून राही. सून मोनाली "आत्या, व्यायाम!" म्हणाली की हिचं डोकं दुखायला लागे. काम टाळायचं असलं की माणसांचं दुखणं कुठून कुठे जातं, हे मी पडवीतल्या फळीवरून बघत होतो.

होळी झाली, ऊन तापलं. मोनालीने मला खाली उतरवलं, उताणं केलं, पाणी भरून लिंबाखाली ठेवलं. पाखरांसाठी! पुण्याचं काम आहे, मी नाही कुठे म्हणतो? पण ज्याची सगळी हयात पालथं राहण्यात गेली, त्याने आता चिमण्यांच्या आंघोळी बघायच्या? मला फार वाईट वाटलं.

अशात एका दुपारी बेबाबाईचे मालक कौतिकनाना अगदी मायेने म्हणाले, "आखाजीना मांडा औंदा जळगावथीन इकत लयसूत. तू आराम कर."

विकत! बेबाबाईच्या घरात विकतचे मांडे!

ती उठून अंगणात आली आणि माझ्यातलं पाणी ओतून दिलं. चिमण्यांनी कालवा केला. मग मला उचलायला गेली. डावा हात उठला, उजवा छातीशीच अडला. मी पुन्हा जमिनीला टेकलो. ती माझ्याशेजारी मटकन बसली आणि रडली. ऑपरेशनच्या वेळीसुद्धा रडली नव्हती म्हणतात.

मोनाली धावत आली. "द्या, मी ठेवते चुलीवर. लगेच पेटवू का?"

"नको व माय!" बेबाबाई डोळे पुसत ओरडली. "पानी पियेल शे ते. आठ दिन ऊन दे. मंग रोज थोडा थोडा जाळ. एकदम लावशी तं तडकी जाई!"

मोनाली हसली. "मग सारिकाताई तुमच्या हाताबद्दल वेगळं काय सांगत होत्या, आत्या?"

बेबाबाईने तिच्याकडे डोळे वटारून पाहिलं, मग माझ्याकडे. आणि फस्सकन हसू फुटलं तिला.

काय सांगू तुम्हाला, दुसऱ्या सकाळपासून आमची शर्यतच लागली! मी उन्हात, ती भिंतीशी. बोटं थकतील तिथे ती कोळशाने रेघ ओढायची. पहिली रेघ जेमतेम छातीपाशी, आठवड्याने हनुवटीपाशी. इकडे माझ्याखाली गोवरीचा मंद जाळ सुरू झाला, तिकडे तिची रेघ कपाळाला आली! एखाद्या दिवशी बोटं खालीच अडायची. मग ती भिंतीला शिव्या द्यायची, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. सारिकाताईंना फोनवर विचारून ओला पंचा दोन्ही हातांवर झुलवायलाही लागली, थेट मांड्यासारखा. एकदा तो सुटला आणि चहा पिणाऱ्या नानांच्या डोक्यावर जाऊन पडला. "ल्या," ती म्हणाली, "जळगावना मांडा ऊना!" आला म्हणे विकतचा मांडा!

आखाजी उजाडली. चुलीत पुरा जाळ लागला. मला धास्ती, तडकलो तर? तिलाही धास्ती होतीच. बाया जमल्या होत्या. मांडा डाव्या हातावरून उजव्यावर आला, कोपराशी अडखळला आणि फाटला. पुरण जाळात पडलं.

"हाऊ चुलीले निवद!" बेबाबाईने तो चुलीचा नैवेद्य ठरवला आणि दुसरा गोळा घेतला.

हात खांद्यापर्यंत उठले, मांडा झुलला, वाढला, आणि धप्प! माझ्या पाठीवर! मी तडकलो नाही. अहो, मी तडकलो नाही! मांडा पूर्वीपेक्षा वीतभर लहान होता, एका कडेला जाडही होता. नानांनी तो आमरसात बुडवून खाल्ला आणि ताट पुन्हा पुढे केलं.

मला वाटलं, सण सरला, आता दोरी पुन्हा लटकणार. पण दुसऱ्या सकाळी बेबाबाई भिंतीशी आली आणि तिची बोटं शेवटच्या रेघेच्या वर चढली. मग "सरक" म्हणून मला उचलायला आलेल्या मोनालीला बाजूला केलं, मला दोन्ही हातांनी धरलं आणि डोक्यावरच्या फळीवर स्वतः ठेवलं.

तिथेच आहे मी, काळाकुट्ट, पालथा आणि खुशीत. पाखरांची काळजी नको, त्यांना मोनालीने घमेलं दिलंय. तुमच्याही घरात एखादी दोरी लटकत असेल, तर माझं ऐका, आजच ओढा.

खाली आता बेबाबाई मोनालीच्या हातांवर ओला पंचा टाकतेय. मोनाली बिचकतेय.

"झुलाव," बेबाबाई म्हणते. "घाबरू नको. फाटना तं चुलीले निवद!"