मयताची वर्गणी

मंगळवारी बाजार तसा थंडच असायचा. कुमासी शहरातल्या त्या गल्लीत दुफीची शिवणकामाची लाकडी टपरी आणि कोनादूचं धुरी दिलेल्या माशांचं दुकान शेजारीशेजारी होतं. दुपारी कोनादू नेहमीप्रमाणे आंबवलेल्या मक्याची केंकी आणि मिरचीचा ठेचा घेऊन आली, तेव्हा दुफी एका गिऱ्हाइकाच्या झग्याला बाही जोडत होती. हात जरा वर नेताच तिनं ओठ चावला.

"काय गं, काय होतंय?"

"काही नाही. काखेत अवघडलंय."

"महिनाभर अवघडलेलंच आहे तुझं. दाखव बघू."

दुफीनं पडदा ओढला. कोनादूची बोटं छातीवरच्या त्या गाठीला लागली आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. लिंबाएवढी गाठ, दगडासारखी घट्ट.

"अगं, लपवलंस कशाला?"

"सांगितलं असतं तर एक तरी गिऱ्हाईक पायरी चढलं असतं का? म्हणाले असते, बाईला कुणाचा तरी शाप लागलाय."

मोठ्या इस्पितळातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी शापाचं नाव काढलं नाही. कॅन्सर, एवढंच म्हणाल्या. आधी दर काही आठवड्यांनी शिरेतून औषध, मग शस्त्रक्रिया. "बरं होण्याची आशा आहे. पण औषधात खंड पडू देऊ नका," हे त्यांनी दोनदा बजावलं. दुफीनं एकच विचारलं, "मशीन चालवता येईल ना?" डॉक्टरीणबाईंनी पहिल्या औषधाची तारीख कागदावर लिहून दिली.

दुफीला पगार देणारा कुणी मालक नव्हता. टपरी उघडली तर चूल पेटायची. नवऱ्यानं दुसरा संसार थाटून कैक वर्षं झाली होती. पहिल्याच औषधाची किंमत ऐकून ती इस्पितळाच्या बाकावर बसली ती उठेचना.

कोनादूनं डीप फ्रीजरसाठी पैसे साठवले होते. ते तिनं पैसे भरायच्या खिडकीतून आत सरकवले.

"नको गं, तुझा फ्रीजर..."

"मासे काय, धुरी दिली तरी टिकतात. तुला धुरी देऊन कसं टिकवू?"

दोघी हसल्या. मग दुफी रडली.

केस गेले. जिभेची चव गेली. मशीनवर बसलं की पाय पायडलवरच थरथरायचा. सुईची दुफीला भीती वाटायचीच, पण त्याहून मोठी भीती त्या पैसे भरायच्या खिडकीची. तिथे पोचलं की ती कोनादूच्या झग्याचं टोक मुठीत धरायची. कोनादू वरून धीर द्यायची, पण सकाळी टपरीची फळी वेळेवर उघडली नाही की तिच्या काळजात धस्स व्हायचं. माशांचा भाव सांगतानाही तिचे डोळे त्या फळीवर असायचे.

तिसऱ्या औषधापर्यंत कोनादूजवळचं सगळं संपलं. कानातलंही गेलं. चौथं औषध तोंडावर आलं होतं. शेवटी ती दुफीला न सांगता तिच्या गावी गेली, अम्पोफो मामांकडे. दुफीच्या आईचे हे थोरले भाऊ; कूळ आईकडून चालायचं, म्हणून तेच कुळाचे प्रमुख. कुळातलं प्रत्येक कमावतं माणूस दर महिन्याला त्यांच्याकडे मयताची वर्गणी भरायचं. कुणी गेलं की त्यातून मांडव, ढोल, शोकाचं काळं-तांबडं कापड, पंचक्रोशीला जेवण. दुफीनंही पहिल्या कमाईपासून ती कधी चुकवली नव्हती.

मामांच्या घरी पोचली तर दोन माणसं शिडीवर चढून भिंतींना रंग देत होती. मोठी खोली रिकामी केली होती.

"मामा, घरात लग्न आहे की काय?" कोनादूनं सहज विचारलं.

अंगणात उकडलेल्या कंदांचा फुफू कुटणाऱ्या बाईचं मुसळ मध्येच थांबलं. तिनं मान खाली घातली. आणि मग कोनादूला कळलं, कुणाच्या मयतासाठी घर रंगवलं जातंय ते.

"मामा, ती जिवंत आहे! आज सकाळी पेज खाल्लीय तिनं!"

"हळू बोल, पोरी." मामांचा आवाज कडक नव्हता, थकलेला होता. "माझ्या धाकट्या भावाला असंच झालं होतं. जमीन विकली, इस्पितळात ओतली. तो वाचला नाही. पुरायला पैसे उरले नाहीत, मांडवाऐवजी चार फाटक्या ताडपत्र्यांखाली निरोप दिला त्याला. अजून लोक तोंडावर बोलतात. दुफीला मी तसं जाऊ देणार नाही. तिची पाठवणी गाव लक्षात ठेवील."

"पण औषधाला द्याल तर पाठवणीची वेळच..."

"वर्गणी मयताची आहे. आणि तू कुळातली नाहीस."

परतताना गाडीत कोनादूच्या डोक्यात एकच घोळत होतं. हे दुफीला सांगावं? ऐकूनच तिनं धीर सोडला तर? पण ज्या मरणाची तयारी अख्ख्या गावाला ठाऊक, ते जिचं तिच्यापासूनच लपवायचं? तिनं सांगितलं.

दुफीनं मशीनचं चाक हातानं थांबवलं. मग म्हणाली, "मला तिथे घेऊन चल."

शनिवारी कुळाची बैठक होती. दुफी आली तशी सगळी कुजबुज थांबली. ती रंगाचा वास येणाऱ्या त्या मोठ्या खोलीत शिरली, मधोमध जमिनीवर बसली आणि तिनं डोक्याचा रुमाल काढला. तुळतुळीत डोकं बघून एक मावशी हुंदका देऊन भिंतीकडे वळली.

"मामा, मला खूप भीती वाटते," दुफी म्हणाली. "मरणाची वाटते. तुमचीही वाटते. पण आज ऐका. मी मेले तर मांडव नको, ढोल नको, कापड नको. बाजारातल्या बायका मला साध्या चादरीत पुरतील. माझ्या नावानं इथे कुणी जेवायचं नाही. हे मी पाद्रींना सांगून आलेय, आता सगळ्यांसमोर सांगते."

"कुळाचं नाक कापतेस?" मामा ताडकन उठले.

"मग मी जिवंत आहे तोवर औषधाला द्या. माझ्यासाठी रडायचं असेल तर आत्ता माझ्याजवळ बसून रडा."

मामा काठी आपटत निघून गेले. वर्गणीला त्यांनी हात लावू दिला नाही. दोघी उठून अंगणात आल्या, तेव्हा भिंतीकडे वळलेली ती मावशी मागून धावत आली. तिनं कमरेची गाठ सोडली आणि मुठीतल्या सेदीच्या नोटा कोनादूच्या हातात कोंबल्या. "पुढच्या महिन्याची वर्गणी मी हिच्या औषधालाच देणार," ती म्हणाली. फुफू कुटणारी आली. मग आणखी दोघीतिघी.

चौथं औषध चार दिवस उशिरा झालं. ते चार दिवस दोघींनाही घास गिळवला नाही. पुढची औषधं बायकांनी ओढूनताणून भागवली, आणि मग शस्त्रक्रिया झाली. दुफी वाचली. डावा हात अजून पुरता वर जात नाही. दर तपासणीच्या सकाळी तिचं तोंड कोरडं पडतं आणि कोनादू दुकान बंद करून सोबत जाते. मामा अजून तिच्याशी बोलत नाहीत.

परवा बाजारातल्या बायकांची सभा भरली. तिथेही मयताला वर्गणी काढायची जुनी रीत. कोनादू उभी राहिली. सुरण विकणाऱ्या येबोआची मूत्रपिंडं निकामी होत चालली होती. तिच्यासाठी पैसे हवेत, असं तिनं सांगितलं.

बाजारातल्या बायकांच्या पुढारी, राणीबाई, यांनी चष्म्यावरून पाहिलं. "येबोआ? अगं, ती अजून गेली नाही ना?"

"नाही, राणीबाई," कोनादू म्हणाली, "म्हणूनच आज मागतेय." आणि तिनं झग्याच्या घेराची झोळी करून पहिल्या रांगेपुढे धरली.