तुरटीचं टोक

“बाबा, थांबा. ते लावू नका,” पूर्वा जिन्यावरून ओरडली. पण तोवर जयसिंगरावांनी तो खडा ओल्या गालावर दोनदा फिरवलाही होता.

लालबाग राजवाड्याच्या म्युझियममध्ये ते गार्ड. रोज घोटून दाढी, रोज कुठेतरी कापणार, मग त्यावर तुरटी. चष्मा नव्हता, हाताला लागली ती उचलली. उन्हात चमकेल म्हणून पूर्वानेच ती गच्चीतल्या आरशापाशी ठेवली होती.

दहावी मध्येच सोडून बसलेल्या पोरीला ते म्हणाले होते, एक काम शेवटपर्यंत करून दाखव, मग परीक्षेचं बघू. पूर्वा तणतणत स्फटिक बनवायला किचनमध्ये घुसली ती रमलीच. मिठाच्या पाण्यातून इवलेसे चौकोनी खडे निघाले. पापडखाराचा नुसता चुरा झाला. मग तुरटी. गरम पाण्यात मावेल तेवढी विरघळवली, गार होऊ दिली, तळाचा एक नितळ कण दोऱ्याला बांधून बरणीत सोडला. आता फक्त हात लावायचा नाही. तेच तिला जमेना. सारखा दोरा उचलून बघायची, की खड्याभोवती गचाळ पुंजका. शेवटी तिने बरणी देवाजवळ ठेवली. तिथे बिनआंघोळीचं कुणी फिरकलं तर आई घर डोक्यावर घेते, आणि पूर्वाला आंघोळीचा कंटाळा.

खडा लिंबाएवढा झाला. आठ बाजू, काचेसारख्या. आज तो बाबांना दाखवायचा होता.

आता एक टोक झिजून गोल झालेलं, वर साबणाचा फेस.

“हो गया सत्यानाश,” म्हणत तिने खडा हिसकावला आणि गल्लीत भिरकावायला हात उचलला. बाबांनी मनगट धरलं.

“अगं, फिटकरीच तर आहे ना ती?”

“मी बनवलीय. तुम्हाला दाखवायला.”

त्यांनी चष्मा लावला. शाबूत कडेवरून अंगठा फिरवला. “ही धार कशाने काढलीस?”

“कशानेच नाही. आपोआप तशीच वाढते.”

“मग परत वाढेल की.”

हे पूर्वाच्या डोक्यातच आलं नव्हतं. मग काय, धडाधड खाली. घरातली होती नव्हती ती तुरटी पातेल्यात गेली, दाढीच्या डब्यातली वडीसुद्धा. बाबांनी नवी आणली, ती पण तिने पळवली. खडा पुन्हा बरणीत, बरणी पुन्हा देवाजवळ.

रविवारी ती न सांगता आंघोळ करून देवाजवळ गेली. बरणी उजेडात धरली. गेलेलं टोक परत आलं होतं, टोकदार, जसंच्या तसं.

“बाबा, आलं. इधर आके देखो तो.”

जयसिंगराव ड्युटीच्या कपड्यांत आले. गालावर पेपरचा चिटोरा चिकटवलेला. तो आठवडाभर रोज असाच होता, हे पूर्वाला आत्ता दिसलं.

ते वाकून बरणीत खूप वेळ बघत राहिले.

“दहावीच्या त्या ओपन बोर्डाच्या फॉर्मला फोटो किती लागतात गं?” त्यांनी विचारलं. मग कॅप नीट बसवली आणि निघाले. चिटोऱ्यावर लाल ठिपका हळूहळू पसरत होता.